गुरूचे पाय

गुरूचे पाय धरावेत, असं आपल्याकडे सांगतात. गाडी शिकायची असेल तर धरण्याआधी ते नीट बघून घ्यावेत. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, आणि तुमचं निम्मं शिक्षण डावीकडच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात तुमच्या नकळत उरकलं जात असतं.

होतं असं. पहिल्याच दिवशी गाडी लोण्यासारखी सुटते. जळगावच्या आकाशवाणी चौकात वळते, अजिंठा चौफुलीला थांबते, पुन्हा निघते, एकदाही बंद पडत नाही. घरी येऊन शिष्य भरीत-भाकरी खाता खाता जाहीर करतो, 'काही अवघड नाही हो!' अवघड कसं असेल? गाडी सरांनी चालवलेली असते, याने फक्त स्टेअरिंगला हात लावलेला असतो. मग क्लास संपतो, दुसऱ्या दिवशी घरची गाडी गेटातून अर्धी बाहेर येते, तीन आचके देते आणि रस्त्यात आडवी बसते. मागून रिक्षावाला अहिराणीत विचारतो, "कथा जाई ऱ्हायना रे भो?" म्हणजे, कुठे चाललास रे भाऊ?

म्हणून माझं सरळ मत आहे: जो गाडी बंद पडू देतो, तो शिकवणारा धीराचा. मिनिटाला सात-आठशे फेरे घेणाऱ्या इंजिनावर क्लच, म्हणजे इंजिनाचा चाकांशी संबंध तोडणारं डावं पेडल, एकदम सोडला, की एवढं मोठं धूड हलवण्याचा भार त्याच्यावर एका झटक्यात येतो आणि ते मान टाकतं. हे ज्ञान कानाला होऊन उपयोग नाही, ते डाव्या पायाला व्हावं लागतं. त्यासाठी मोकळं, सपाट मैदान, पहिला गिअर, आणि रेसला पाय लावायचा नाही. क्लच हळूहळू वर. आवाज जड होतो, बॉनेटला बारीकशी थरथर येते, तिथे पाय रोखायचा. गाडी गोगलगायीसारखी आपणहून सरकते. असं वीस-पंचवीस वेळा. हे बघत बसणं म्हणजे दुसऱ्याने वांगं भाजताना चुलीपुढे बसण्यासारखं आहे. धीर नसलेला माणूस पाचव्या वेळी "रेस द्या, रेस द्या" करून सुटका करून घेतो. गाडी सुटते खरी, पण क्लचप्लेट जळल्याचा वास मागे सोडून.

आता अनुभव. शिकवणाऱ्याकडे किमान पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव हवा, असं नियम म्हणतो. पण चालवण्याचा अनुभव वेगळा आणि शिकवण्याचा वेगळा. रावेरहून केळीचा ट्रक वीस वर्षं दिल्लीला नेणारा माणूस चालवण्यात देव असतो. क्लच कुठे धरतो ते विचारा, तो स्वतःच्या पायाकडे पाहतो. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "सर, गाडी बंद का पडते?" "तुम्ही घाबरता म्हणून" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठावं.

मग हिशेब. मोटारसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास, असं नियमात आहे. म्हणजे रोज जवळपास अर्धा तास. 'रोज पाच किलोमीटर' असा भाव असेल, तर ताशी वीसच्या वेगाने ती पंधरा मिनिटं होतात; २१ दिवसांचे सव्वापाच तास. त्यातच सरांचा भाजीबाजार आणि मुलाला शाळेत सोडणं बसवलेलं असतं. मागच्या सीटवर पुढचे दोन शिष्य आपला नंबर यायची वाट बघत सल्ले देत असतात, ते वेगळेच.

पहिली पाच मिनिटं फार सांगून जातात. चांगला शिकवणारा किल्लीला हात लावू देत नाही. आधी सीट: क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ टेकलेलीच. मग आरसे, मग बेल्ट. 'एल' बघावा तो गाडी बाहेरून पाहताना. नियमाप्रमाणे पांढरी पाटी किमान १८ सेंटिमीटरची चौरस, अक्षर लाल, किमान १० सेंटिमीटर उंच, पुढे आणि मागे. काही गाड्यांवर तो टिकलीएवढा असतो, जणू शिकाऊ असल्याची लाज गाडीलाच वाटते.

गावाचाही परिणाम होतो बरं. धुळ्याचा नंबरवार गल्ल्यांचा भाग इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने आखलेला, सगळा सरळ रेषेत. तिथेच शिकलेल्याला काटकोनात वळणं छान जमतं आणि गोल चक्कर दिसलं की घाम फुटतो. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत स्टेअरिंगला हात लावता येत नाही म्हणून सगळे सकाळी सहाची वेळ मागतात. सहाला रस्त्यावर कुत्री असतात. शेवटचे चार दिवस संध्याकाळी सहाचे मागावेत. कापसाच्या दिवसांत तर नक्कीच: दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली ओलांडायची की तिच्यामागे गुपचूप राहायचं, हे सर शेजारी असतानाच कळलेलं बरं.

एक खोच राहिली. क्लासच्या गाडीचा क्लच शेकडो पायांनी झिजवलेला असतो, तो अगदी वर आल्यावर पकडतो. नव्या गाडीचा खालीच पकडतो. म्हणून शेवटचे दोन धडे घरच्या गाडीवर मागावेत. तिथे सरांच्या पायाशी फक्त मॅट. हाताशी काय तो हँडब्रेक. जो यावर हो म्हणतो, त्याला फी वाढवून द्यायला माझी हरकत नाही.

आणि चढ. उड्डाणपुलाच्या मध्यावर गाडी थांबलेली, मागे एसटीचं नाक. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर, पुढचा भाग किंचित उचलला की थोडी रेस आणि मग हँडब्रेक खाली. घाईत क्लच सुटतो, गाडी बंद. एसटी हॉर्न देते. अशा वेळी डावीकडे बघावं. पाय पेडलजवळ आहेत, पेडलवर नाहीत, सर पुढच्या काचेतून बघत शांतपणे म्हणताहेत, "बंद पडली. ब्रेक. न्यूट्रल. किल्ली."