आग कधीची, ते सांगा

मार्च लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर नकाशे यायला लागतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते, इशारे मोबाईलवर येतात आणि कोणीतरी चंद्रपूर-गडचिरोलीचा लालेलाल नकाशा ग्रूपवर टाकतो. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया. "जाळणाऱ्यांना आत टाका." "मोहवाल्यांनी जंगलाची वाट लावली," म्हणजे पडलेली मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळणाऱ्यांनी. मग रडके चेहरे. मीही कितीतरी वर्षं हेच करत होतो. आता करवत नाही, कारण त्या नकाशावर मला हवी असलेली गोष्टच कोणी विचारत नाही. आग फेब्रुवारीतल्या सकाळची आहे की एप्रिलमधल्या दुपारची? ठिपका दोन्हींचा लालच दिसतो.

माझे मामा वनखात्यात रोजंदारीवर होते, आगीच्या हंगामातले मजूर. हंगाम म्हणजे १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा उरकायच्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जंगलातून ठरावीक रुंदीचा पट्टा काढायचा, त्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि माणसं उभी करून जाळायचं. पुढे वणवा आलाच तर त्या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही. म्हणजे 'जंगलात आग नको' असा बोर्ड लावणारं खातं स्वतः दरवर्षी जंगलात आग लावतं, आणि ते बरोबरच करतं.

मी चौथी-पाचवीत असताना एकदा मामांबरोबर गेलो होतो. थंडी होती, गवताच्या मुळाशी दव होतं. आग पेटली पण तिच्यात काही दम नव्हता. गुडघ्याएवढी ज्वाळा, धूरच जास्त. सावलीच्या जागी पोचली की आपोआप बसायची. मामा हिरवा डहाळा घेऊन तिच्या बाजूने चालत होते, ढोरं वळावीत तसे. म्हणाले, "दव हाये तवर हिले आपन हाकलाचं. ऊन चढलं का मंग ते आपल्याले हाकलते."

ती दुसरी आग बघायला मला पुढे बरीच वर्षं लागली. एप्रिलचा मध्य, दुपारचे दोन. सागाचं पान केवढं असतं तुम्हाला माहीत आहे, जेवायला घेता येईल एवढं. असं एक पेटलेलं पान वाऱ्याबरोबर उठलं, जाळरेषेवरून आरामात तरंगत पलीकडे गेलं आणि तिथे टेकलं. बस. तासाभरापूर्वी ब्लोअरने पाचोळा उडवून जी रेषा साफ केली होती तिचा काही उपयोग राहिला नाही. रात्री नऊपर्यंत आम्ही मागे मागे सरकत होतो. आग विझल्यावरही एक जुनं झाड आतून जळत राहिलं. ढोलीतून धूर निघत होता, चूल पेटावी तसा, आणि तिसऱ्या दिवशी ते झाड आडवं झालं. जंगलात ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. पोपट, धनेश, घुबडं, सगळ्यांचा संसार तिच्यावर. जो रानपिंगळा संपला असं जग धरून चाललं होतं आणि जो १९९७ साली आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तोही सागाच्या जंगलातला आणि ढोलीतच अंडी घालणारा. त्याच्यासाठी एक जुनं झाड पडणं म्हणजे काय, ते हेक्टरच्या आकड्यात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं: 'शून्य आग' हे ध्येयच चुकीचं आहे. आपल्याकडच्या कोरड्या पानगळीच्या जंगलाला आग नवी नाही. सागाचं रोप जळतं, वरचा शेंडा मरतो, पण खाली मूळ जाड होत राहतं आणि पावसाळ्यात तिथूनच पुन्हा कोंब येतो. तेंदूचं तर विचारूच नका, जाळलं की मुळांतून दुप्पट जोमाने फुटतो. पण मोठ्या झाडांना सवय आहे म्हणून कितीही आणि केव्हाही जाळलं तरी चालेल, हेही खोटं. दरवर्षी एकाच जागी आग गेली तर कोंबांना उंच व्हायला फुरसतच मिळत नाही. वर म्हातारी झाडं, खाली नुसता पाला, मधली पिढी गायब. विदर्भात असे किती कंपार्टमेंट, म्हणजे वनखात्याने पाडलेले जंगलाचे तुकडे, दाखवू?

(मध्येच एक: बांबूवर बांबू घासून आग लागते, असं अजूनही लोक ठासून सांगतात. मी जंगलात वाढलो, अशी आग स्वतः पाहिलेला एक माणूस मला भेटलेला नाही. आपल्याकडच्या आगी जवळपास सगळ्या माणसाच्याच. बांबूचा खरा धोका वेगळा. मानवेल एकगठ्ठा फुलतो, मरतो, आणि वाळलेल्या काड्यांचे ढीग जमिनीवर पडून राहतात. त्यात ठिणगी पडली की संपलं.)

ही चर्चा काही आजची नाही. इंग्रजांनी सातपुड्यातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव केलं, आणि मध्य प्रांतात आगीपासून जंगल राखायचे सुरुवातीचे प्रयोग त्याच भागात झाले. त्यांना साग हवा होता आणि त्यांच्या लेखी आग म्हणजे नुकसान. मग तोच नियम ब्रह्मदेशात नेला. तिथे १८९६ साली स्लेड नावाच्या त्यांच्याच वनाधिकाऱ्याने लिहिलं की अग्निसंरक्षणाचा अतिरेक होतोय. आग थांबवल्यावर बांबू आणि इतर झाडोरा माजला आणि सागाच्या रोपांना ऊनच मिळेना. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच ओलसर सागवानी जंगलांतून ते संरक्षण उठवलं गेलं. आता ब्रह्मदेशातला पाऊस कुठे आणि आमचं चंद्रपूर कुठे, तिथला धडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण साहेबाने स्वतः सव्वाशे वर्षांपूर्वी शंका घेतली होती आणि आपण अजून त्याचा पहिलाच हुकूम पाळतोय, याची गंमत वाटते.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळ्याची हलकी आग लावायचे. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली. घाणेरीने जंगल भरलं आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं. सोलिगा म्हणतात, दोन्ही आमच्या आगीने आटोक्यात राहायचं. घाणेरी वाढायला इतरही कारणं असतील, पण ती उन्हाळ्यात कशी पेटते ते ज्याने पाहिलंय त्याला त्यांचं म्हणणं सहज पटेल.

आता उलटी बाजू, कारण 'आग चांगली' म्हणणारेही हल्ली वाढलेत. काळ्या जमिनीवर हिरवे कोंब आले की चितळ जमतात, पर्यटक खूश. पण कान्हा आठवा. १९७० मध्ये तिथे बारशिंगे उरले होते फक्त ६६. कारणं अनेक, पण कुरणं वरचेवर जाळली जात आणि पाडसं लपवायला उंच गवत उरत नसे, हे त्यातलं एक. गावं हलली, जाळणं आवरलं, गवत वाढलं, बारशिंगे सावरले. चितळाला आवडतं ते बारशिंग्याला मारक ठरू शकतं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला आणि रातव्याला विचारलं तर ते तिसरंच सांगतील. त्यामुळे जाळायचं तर तुकड्यातुकड्याने, आलटूनपालटून, दव असताना. आणि काही भाग अजिबात नाही.

पण हे ठरवणार कोण? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २६ आहे, राखीव जंगलात आग लावली तर गुन्हा. त्याच कायद्यात कलम ७९ आहे, जंगलात हक्क असलेल्याने आग विझवायला मदत केलीच पाहिजे, नाहीतर तोही गुन्हा. म्हणजे गावकऱ्याला आगीबद्दल कर्तव्य आहे, मत नाही. मग तो मोहाखालचा पाला गुपचूप पेटवतो आणि घरी जातो. थांबून राखण केली तर पकडला जाईल ना! बंदीमुळे आग थांबली नाही, आगीजवळचा माणूस तेवढा निघून गेला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदलायची सोय केली आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपानाची तोड बंद केली. सत्तर पानांचा एक पुडा, उन्हाळ्यातला हक्काचा रोख पैसा, तो सोडला. कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. झाडं राहिली तर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसालाही मिळतात आणि अस्वलालाही. बांबूवर त्यांचं भागतं म्हणून त्यांना ते जमलं, सगळ्या गावांना जमेल असं मी म्हणत नाही. पण हा निर्णय वरून आलेला नव्हता.

मोहाचं उत्तर तर याहून सोपं आहे. माझी मामी मोह वेचते. गेली काही वर्षं ती होळीच्या आधी झाडाखालचा पाला झाडूने गोळा करते, शेतात नेऊन टाकते आणि जमीन अंगणासारखी करून ठेवते. पहाटे चारला टोपली घेऊन जाते तेव्हा पडलेली फुलं टॉर्चच्या उजेडात पांढरी दिसतात. राख नाही, त्यामुळे फूल स्वच्छ आणि व्यापारी किलोमागे थोडं जास्त देतो. मी कौतुक केलं तर म्हणाली, "जाळाले एक काडी लागते, झाडाले दोन दिस. ते दोन दिसाची मजुरी कोन देते जी?"

आगी विझवायला दरवर्षी मजूर लागतात, ब्लोअर लागतात, गाड्या लागतात. त्यातल्या थोड्या पैशात फेब्रुवारीत मोहाखाली झाडू फिरवायची मजुरी का बसू नये, हे मी एका अधिकाऱ्याला विचारलं होतं. ते म्हणाले, तसं हेड नाही. म्हणजे बजेटात त्या खर्चाला रकानाच नाही.

तर ग्रूपवाल्यांनो, यंदा नकाशा टाकाल तेव्हा तारीख आणि वेळही टाका. आणि खाली "आत टाका" लिहिणाऱ्यांपैकी कोणी येणार असेल तर सांगा. मामीची सात झाडं आहेत, घरात झाडू दोनच. येताना आपला आणा.