‘सपोर्ट ग्रुप म्हणजे रडगाण्यांची मैफल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मानसिक आजार, व्यसन, जवळच्या माणसाचा मृत्यू, दीर्घ दुखणं यांसाठी जे गट चालतात, त्यांच्याविषयी एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: तिथे नुसती रडगाणी चालतात आणि दुसऱ्यांची दुःखं ऐकून आपलं वाढतं, ज्यांना नीट थेरपी परवडत नाही ते तिथे जातात, गट चालवणारे स्वतःच रुग्ण म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची, बोललेलं बाहेर फुटतं, जबरदस्तीने बोलायला लावतात, एकदा जाऊन बघा, लगेच कळेल, आणि एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटका नाही. यातले काही दावे साफ चुकीचे आहेत, काहींत तथ्य आहे. एकेक घेऊ.

त्याआधी एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण मेसेजने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. गटोपचार, म्हणजे ग्रुप थेरपी, हा उपचार असतो. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ तो चालवतात, प्रत्येकाला आधी एकेकटं भेटतात, साधारण सात-आठ जण निवडतात आणि दर आठवड्याला दीड तास असं ठरावीक काळ बसवतात. सपोर्ट ग्रुप किंवा स्वमदत गट बहुधा त्याच अनुभवातून गेलेली माणसं चालवतात. तिथे निवड नसते, फी नसते किंवा नाममात्र असते, मध्येच कुणी येतं, कुणी जातं. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

‘दुसऱ्यांची दुःखं ऐकून आपलं वाढतं’

गट कसा चालवला जातो यावर हे अवलंबून आहे. घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा, म्हणजे शुभंकरांचा, एक गट डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी म्हणतं, ‘‘आई रात्री तीनदा उठते, दार उघडून बाहेर जायला बघते. मी पार संपलोय.’’ वाईट चाललेल्या गटात लगेच प्रत्युत्तर येतं, ‘‘तीनदाच? आमच्याकडे पाच वेळा.’’ मग तिसरा आपलं सांगतो, चौथा त्याच्यावर कडी करतो, आणि तासाभराने सगळे अधिक थकून घरी जातात. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही.

चांगल्या गटात त्याच वाक्यानंतर गट चालवणारी व्यक्ती क्षणभर थांबते आणि विचारते, ‘‘रात्रीचं कुणी कसं निभावलंय?’’ एकीने दाराला घंटी लावलेली असते. एकाने भावाशी बोलून रात्री वाटून घेतलेल्या असतात. तिसरीने डॉक्टरांना रात्रीची परिस्थिती नेमकी लिहून दाखवलेली असते आणि त्यांनी औषधाची वेळ बदललेली असते. बोलणारा यातली एक गोष्ट करून बघायचं ठरवतो आणि पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच त्याला विचारलं जातं, काय झालं? दुःख तेच ऐकलं, पण त्याच्या पुढचं पाऊलही ऐकलं. त्यासाठी बैठकीला घडी लागते: सुरुवातीला प्रत्येकाची एक-दोन मिनिटं, मग एक किंवा दोनच विषय, आणि शेवटची दहा मिनिटं समारोपाला. हे समारोपाचं सोडून दिलं की माणसं उघड्या जखमा घेऊन घरी जातात.

काही बाबतींत मात्र मेसेजची भीती रास्त आहे. खाण्याच्या विकारांच्या गटात वजनाचे आणि कॅलरींचे आकडे, आणि स्वतःला इजा करून घेण्याबद्दलच्या गटात साधन व पद्धत यांचे तपशील सांगायला मनाई असावीच लागते, कारण ते उचलले जातात. अत्याचारातून आलेल्यांच्या सुरुवातीच्या गटातही प्रसंगाचं वर्णन टाळून झोप, भीतीचे झटके, सुरक्षितता यांवर काम होतं. वर्तनाच्या अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र बसवल्यावर काही मुलं एकमेकांचं बघून आणखी बिघडली, असे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात आहेत. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धतही टिकली नाही. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. मुलासाठी गट शोधत असाल, तर नियम काय आहेत आणि प्रौढ प्रशिक्षित व्यक्ती पूर्ण वेळ खोलीत असते का, हे विचारल्याशिवाय पाठवू नका.

जाता जाता उलट्या बाजूच्या मेसेजचाही समाचार घेतला पाहिजे. ‘सपोर्ट ग्रुपने कॅन्सरच्या रुग्णांचं आयुष्य दुप्पट होतं’ हेही हौसेने पुढे पाठवलं जातं. त्याचं मूळ १९८९ च्या एका अभ्यासात आहे. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांपैकी गटात गेलेल्या स्त्रिया सरासरी दुप्पट काळ जगल्या होत्या. पुढे २००१ मध्ये २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत आयुष्याच्या लांबीत फरक दिसला नाही. वेदनेचा जाच आणि मनाचा त्रास मात्र कमी झाला, विशेषतः ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांचा. एवढंही थोडं नाही. पण गटात जायचं म्हणून केमो टाळणाऱ्याला ही दुसरी चाचणी जरूर दाखवा.

‘परवडत नाही त्यांच्यासाठीची स्वस्त सोय’

सुरुवात खरोखर गरिबांसाठीच झाली. १९०५ मध्ये बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी सॅनेटोरियम न परवडणाऱ्या क्षयरोग्यांचे आठवडी वर्ग सुरू केले. रुग्णाने रोजचं तापमान, जेवण, विश्रांती वहीत लिहायची आणि सगळ्यांसमोर ती वही तपासली जायची. शिस्तीसाठी काढलेल्या या वर्गात एकमेकांमुळे रुग्णांना उभारी येते, हे त्यांच्या लक्षात आलं.

आज काही उपचार मुळातच गटासाठी बेतलेले आहेत. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून दिली जाणारी सजगतेवर आधारित बोधनात्मक थेरपी आठ आठवड्यांची असते, दर आठवड्याला साधारण दोन तास, आणि ती गटातच शिकवतात. भावनांचा तोल वारंवार जाणाऱ्यांसाठीच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत कौशल्यं शिकण्याचा भाग गटात होतो आणि वैयक्तिक सत्रं वेगळी चालतात. तोच उपचार एकट्याला आणि गटात देऊन जिथे तुलना झाली, तिथे सरासरी निकाल जवळपास सारखे आले आहेत. ज्याला चारचौघांत बोलायचीच धास्ती आहे, त्याच्यासाठी तर गट हीच सरावाची जागा.

आधी वैयक्तिक उपचार कुणाला लागतात? आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास-भ्रम किंवा उन्मादाचा झटका चालू असेल, नशा अजून उतरलेली नसेल, तर गट थांबू शकतो. तिथे तातडीने डॉक्टरच.

‘आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची’

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे स्वमदत गट, यांची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एक शेअर-व्यवहारांतला माणूस आणि एक सर्जन यांच्या भेटीतून झाली. दोघांनाही दारूचं व्यसन जडलेलं. पुढे अशा गटांवर बरीच टीका झाली. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने दारूपासून पूर्ण दूर राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर प्रस्थापित उपचारांनंतर ३५ टक्के. ‘जोडून देणारा उपचार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हातात पत्ता देऊन ‘जा’ म्हणणं आणि पहिल्या मीटिंगला कोण सोबत येईल ते ठरवून देणं यांत फरक पडतो.

अनुभवी सदस्याला पहिली तलफ कधी येते, लग्नसमारंभात काय सांगून निसटायचं, हे डॉक्टरपेक्षा चांगलं ठाऊक असतं. गोळीचा डोस त्याला ठाऊक नसतो. ही सीमा पाळणारा गट चांगला. औषधं बंद करायला सांगणारा, काही विकणारा, ‘शंभर टक्के बरे व्हाल’ म्हणणारा, एकाला मध्ये बसवून सगळ्यांनी झोडपणारा, किंवा सदस्यांकडून उसने पैसे घेणारा गटप्रमुख दिसला, तर दुसऱ्या बैठकीची वाट बघू नका.

‘बोललेलं बाहेर फुटतं’

हा मेसेजमधला सर्वांत वजनदार मुद्दा. थेरपिस्ट व्यवसायाच्या नियमांनी बांधलेले असतात. इतर सदस्य बहुतेक ठिकाणी फक्त दिलेल्या शब्दाने. म्हणून शब्दावर विसंबून न राहता स्वतःची थोडी व्यवस्था करा. पहिल्या दोन-तीन बैठकांत फक्त पहिलं नाव सांगा. नोकरीचं ठिकाण, मुलांची शाळा, तिसऱ्या माणसाचं नाव टाळा. गटाचा वेगळा चॅट असेल तर त्यात आजाराबद्दल काही लिहू नका. गुपितं खोलीतूनच नाही, स्क्रीनशॉटमधूनही फुटतात. फोटो आणि रेकॉर्डिंगला बंदी आहे का, नियम मोडणाऱ्याचं काय करतात, बाहेर भेटल्यावर ओळख दाखवायची की नाही, हे पहिल्या दिवशीच विचारा. खोलीत ओळखीचं माणूस निघालं, तर बैठकीनंतर दोन मिनिटं बाजूला घेऊन सरळ बोला: ‘‘इथलं इथेच, दोघांकडूनही.’’ तोही त्याच धास्तीत असतो. गाव लहान असेल तर शेजारच्या गावचा किंवा ऑनलाइन गट बघा.

‘जबरदस्तीने बोलायला लावतात’

नाही. ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणायची मुभा जवळजवळ सर्व स्वमदत गटांत असते. ग्रुप थेरपीत मात्र महिनाभर गप्प बसलात तर थेरपिस्ट त्याबद्दल विचारतील, आणि ते त्यांचं कामच आहे.

‘एकदा जाऊन बघा, लगेच कळेल’

एका बैठकीत कळतो तो धोका; उपयोग कळत नाही. पहिल्यांदा नावं लक्षात राहत नाहीत, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, घरी आल्यावर डोकं जड होतं. स्वमदत गटाला निदान चार ते सहा बैठका द्या, ए.ए.मध्ये नवीन माणसाला वेगवेगळ्या मीटिंग करून बघायला सांगतात, कारण दोन मीटिंगचा स्वभाव सारखा नसतो. ग्रुप थेरपीत दहा-बारा सत्रांची तयारी ठेवूनच नाव द्या. मधून गळणाऱ्याचा उरलेल्यांनाही त्रास होतो. प्रत्येक बैठकीनंतर तीन ओळी लिहा: काय उपयोगी पडलं, काय बोलायचं होतं पण राहिलं, पुढच्या वेळेपर्यंत काय करून बघणार. चार बैठकांनंतर तिसरी ओळ रिकामीच असेल, तर गट बदला.

मुळात योग्य गट सापडेपर्यंत बरेच जण थकतात, कारण शोध चुकीच्या जागी सुरू होतो. इंटरनेटवरच्या याद्या जुन्या असतात. सूचनाफलकावर ‘दर शनिवारी’ लिहिलेलं असतं आणि गट कधीच बंद पडलेला असतो. आधी आपल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना विचारा, मग मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाला (तिथल्या समाजसेवकांना चालू गट सहसा माहीत असतात), मग त्या विशिष्ट आजाराच्या रुग्णसंघटनेला. जाण्याआधी फोन करा आणि विचारा: गट कोण चालवतं आणि त्यांचं प्रशिक्षण काय? शेवटची बैठक कधी झाली? किती जण येतात? मध्येच येता येतं का? रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात की वेगळे? बैठकीत कुणाची तब्येत अचानक बिघडली तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा गट शोधा.

‘सवय लागली की सुटका नाही’

ठरावीक मुदतीची ग्रुप थेरपी तारीख ठरवूनच संपते. स्वमदत गटात काही जण वर्षानुवर्षं येतात. त्यातले बरेच नव्यांना आधार द्यायला येतात, काहींना खरंच त्याशिवाय चैन पडत नाही. गट सोडायचा असेल तर अचानक गायब होऊ नका. दोन बैठका आधी सांगा, कारण सांगायची सक्ती नाही. मग आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा जाऊन बघा, आणि या काळात झोप, तलफ, चिडचिड यांवर घरच्या एखाद्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा. बिघडतंय असं त्याला दिसलं, तर परत जायला कुणाची परवानगी लागत नाही.