म्हणे, सुई लावली की पसरतो!

परवा रात्री अकराला मावशीने एक मेसेज मला पुढे ढकलला, खाली स्वतःची एकच ओळ: "मी नाही करून घेत बायॉप्सी." वय 68, पोटात पाणी झालंय, सीए-125 (रक्तात मोजतात ते एक प्रथिन) चा आकडा 410. मेसेजचं म्हणणं असं: सीए-125 पस्तीसच्या वर म्हणजे अंडाशयाचा कॅन्सरच, सुई लावू नका, पसरतो, पाळी गेल्यावर गर्भाशय-अंडाशयात टीबी होतच नाही, आणि असता तर खोकला असता, प्रत्येकीने दरवर्षी सीए-125 तपासावं.

आधी सुईचं, कारण जिवाशी खेळ तिथे आहे. अर्धं खरं आहे, मान्य. गाठ अंडाशयापुरतीच असेल आणि कॅन्सरचा संशय असेल, तर तिला बाहेरून सुई टोचायचं टाळतात. गाठ फुटून पेशी पोटात सांडू शकतात. पण मावशीच्या पोटात आधीच पाणी आहे, आतड्यांवरचा चरबीचा पदर जाड झालाय. हेच चित्र पोटाच्या टीबीतही दिसतं आणि स्कॅन बघून भलेभले फसतात. दुर्बिणीतून पोटातल्या अस्तराचा तुकडा काढला, की ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे बारीक पुंजके) आहेत की कॅन्सरच्या पेशी ते कळतं. त्याच तुकड्यावर टीबीची जीन-एक्स्पर्ट (जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चरही (जंतू वाढवून बघणं) होते. तुकडाच नको, तर मग काय करायचं? सरळ गर्भाशय-अंडाशय काढून मोकळं व्हायचं, आणि मागाहून कळायचं की सहा महिन्यांच्या गोळ्यांनी भागलं असतं? अशा बायकांच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी छापून आल्या आहेत. उलटंही तेवढंच वाईट: कॅन्सर असताना अंदाजाने टीबीच्या गोळ्या.

आता आकडा. सीए-125 पोटाच्या अस्तरातूनही येतं, त्याला सूज आली की वाढतं. टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), लिव्हरच्या सिरॉसिसमध्येसुद्धा. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मात्र जवळपास निम्म्या जणींत ते नॉर्मल असतं! दरवर्षी तपासा म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये 50 ते 74 वयाच्या 2 लाखांहून जास्त स्त्रियांवर हाच प्रयोग झाला. 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

पाळी गेल्यावर गर्भाशय-अंडाशयाचा टीबी क्वचित होतो. 'होतच नाही' कुणी सांगितलं? झाला तर अंगावरून रक्त किंवा पू जातो, अगदी गर्भाशयाच्या कॅन्सरसारखा. आणि खोकला? जंतू फुप्फुसातून रक्तावाटे कधीच खाली गेलेले असतात, एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो.

फोनवर मावशीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दुर्बीण केवढी असते गं?"

करंगळीपेक्षा बारीक, म्हटलं. मंगळवारची वेळ घेतली आहे.