राजकन्या नुसत्या नटून बसत होत्या का?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. मुलींना राजकन्यांच्या गोष्टी सांगूच नका, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच दिलेली असतात. राजकन्यांना काही काम नसे, त्या शिकलेल्या नसत, आवडता राजपुत्र आला की लग्न करून मोकळ्या होत, त्यांच्या जिवाला कसला घोर नसे, आणि इतिहासात त्यांच्या हातून काहीच घडलं नाही. परीकथेतल्या राजकन्येबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. पण हा मजकूर थेट इतिहासाचं नाव घेतो आणि खरोखर होऊन गेलेल्या मुलींना एका फटक्यात निकालात काढतो. हे मला मान्य नाही. मुलामुलींनो, आपण एकेक मुद्दा तपासू.

‘त्यांना काही काम नसे.’ १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तिची थोरली मुलगी जहाँआरा तेव्हा सतरा वर्षांची होती. शाहजहानच्या इतर बेगमा हयात असतानाही पादशाह बेगम हा मान त्याने या मुलीला दिला. म्हणजे अख्ख्या जनान्याचा कारभार, धाकट्या भावंडांची काळजी, लग्नकार्यं, दानधर्म, सगळं तिच्याकडे आलं. पुढे सुरत बंदराचं उत्पन्न तिला मिळालं. तिची स्वतःची व्यापारी जहाजं होती, त्यांतल्या एकाचं नाव ‘साहिबी’. दिल्लीचा चांदणी चौक तिने वसवला. तुम्ही कधी तिथे गेलात तर लक्षात ठेवा, तो बाजार एका राजकन्येच्या पैशातून आणि कल्पनेतून उभा राहिला आहे.

ऐश्वर्य होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते रयतेच्या सारावर उभं होतं, हेही मुलांना सांगायलाच हवं. पण ऐश्वर्य असणं आणि रिकामं बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘त्या शिकलेल्या नसत.’ बाबराची मुलगी गुलबदन हिने भाऊ हुमायून याच्या काळाचा वृत्तान्त फारसीत लिहिला. तो लिहायला सांगितला भाचा अकबराने. लढाया, पळापळ, घरातली भांडणं, कोण कुणावर रुसलं, लग्नात काय काय मांडलं होतं, हे तिच्याइतक्या जवळून पाहिलेल्या दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. त्या हस्तलिखिताची एकच जुनी प्रत उरली आहे आणि ती वाक्याच्या मध्येच तुटते. हीच बाई पन्नाशी ओलांडल्यावर राजघराण्यातल्या बायकांना घेऊन सुरतेहून हजला निघाली. परतताना एडनजवळ जहाज फुटलं, महिनोन्‌महिने तिथे अडकून पडावं लागलं. १५७६ ला निघालेली ही मंडळी १५८२ ला घरी आली. शिकलेली नाही म्हणे!

‘आवडता राजपुत्र आला की लग्न.’ पाचांतला हा मुद्दा सगळ्यात खोटा आहे. राजघराण्यातलं लग्न हा बहुतेक वेळा दोन गाद्यांमधला करार असे. फलटणच्या बजाजी निंबाळकरांना पुन्हा हिंदू धर्मात घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखूबाई त्यांचा मुलगा महादजी याला दिली. शंका घेणाऱ्यांची तोंडं त्या सोयरिकीने बंद झाली. राज्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट. पण तिचा भार उचलला एका लहान मुलीने, हे आपण सांगताना विसरतो.

आणि मग बडोद्याच्या इंदिराराजे. सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी १८९२ ला जन्मली. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेले, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे राजे. मुलीलाही त्यांनी बडोद्याच्या कॉलेजात शिकवलं. तिचं लग्न ठरवलं मात्र ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे आणि आधीच विवाहित होते. दोन मोठी मराठा संस्थानं जोडली जाणार, सगळीकडे आनंद. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबाराला सगळे जमले. तिथे कूचबिहारचा धाकटा राजपुत्र जितेंद्र तिला भेटला. तिने आईवडिलांना न सांगता ग्वाल्हेरला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. ग्वाल्हेरहून सयाजीरावांना तार आली तेव्हा घरच्यांना त्या पत्राचा पत्ता लागला!

विचार करा. एकोणीस वर्षांची मुलगी, ठरलेलं लग्न, सगळ्या हिंदुस्थानात बोभाटा. सुधारक म्हणून नावाजलेले वडीलसुद्धा तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले नाहीत. ती मागे हटली नाही. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील आले नाहीत.

मजकूर लिहिणारे म्हणतील, शेवटी आवडता राजपुत्र मिळालाच की. मिळाला. आणि १९२२ मध्ये गेला. तीस वर्षांची विधवा, पदरी पाच मुलं, गादीवर लहान मुलगा. १९३६ पर्यंत तो सज्ञान होईतो कूचबिहारचा कारभार याच मराठी लेकीने पाहिला, माहेरापासून शेकडो कोस दूर, बंगाली मुलखात. जयपूरच्या गायत्रीदेवी त्या या इंदिराराजेंच्या कन्या. त्यांनी १९६२ मध्ये लोकसभेची निवडणूक प्रचंड मताधिक्याने जिंकली आणि आणीबाणीत तिहार तुरुंगही पाहिला.

‘जिवाला घोर नसे.’ औरंगजेबाची थोरली मुलगी झेबुन्निसा आपल्या दौलताबादेत जन्मली. कुराण पाठ असलेली, विद्वानांना आश्रय देणारी, बापाची लाडकी. १६८१ मध्ये तिचा भाऊ शहजादा अकबर याने बापाविरुद्ध बंड केलं आणि तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. बहिणीने त्याला लिहिलेली पत्रं सापडली. वर्षाची चार लाखांची नेमणूक बंद, मालमत्ता जप्त, आणि सलीमगडाच्या किल्ल्यात कैद. १७०२ मध्ये ती वारली ती कैदेतच.

तिची सख्खी बहीण झीनतुन्निसा बापाबरोबर दख्खनच्या छावणीत राहिली. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, तेव्हा त्या छावणीत त्यांच्यावर मायेची नजर ठेवणारी ही शहजादी होती. शत्रूची मुलगी म्हणून तिचं नाव गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

दूरचं उदाहरण हवं असेल तर हवाईची काइउलानी. इंग्लंडात शिकत असताना, सतराव्या वर्षी, १८९३ मध्ये तिचं राज्यच उलथून टाकलं गेलं. ती अमेरिकेत जाऊन राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटली. राज्य परत मिळालं नाही, आणि तेविसाव्या वर्षी ती वारली.

‘इतिहासात काहीच घडलं नाही.’ याला एकटी सोफिया दलीपसिंग पुरे आहे. महाराजा रणजितसिंगांची नात, राणी व्हिक्टोरियाची मानसकन्या, राहायला लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राणीने दिलेलं घर. नटून बसायचंच असतं तर हिला कोण अडवणार होतं? १८ नोव्हेंबर १९१० ला स्त्रियांच्या मताधिकारासाठी चळवळीची पुढारी एमेलिन पँकहर्स्ट हिच्याबरोबर ब्रिटिश पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात ती पुढच्या फळीत होती. त्या दिवशी पोलिसांनी बायकांना फरफटवलं, मारलं. पुढे तिने कर भरायला नकार दिला. मत नाही तर कर नाही, असा तिचा रोकडा हिशोब. दंड झाला, तोही भरला नाही. मग तिची हिऱ्याची अंगठी जप्त करून लिलावात काढली. चळवळीतल्या एका बाईने ती बोली लावून घेतली आणि तिची तिला परत केली. १९१३ मध्ये ती हॅम्प्टन कोर्टाच्या दाराशी उभी राहून चळवळीचं वर्तमानपत्र विकत होती, आणि पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांची शुश्रूषा करत होती. १९२८ मध्ये ब्रिटनच्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं, तेव्हा सोफिया एक्कावन्न वर्षांची होती.