एआयला नियम लावले की चीन जिंकणार? त्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं की एआयवर कायदे करू नका, चीनमध्ये कसलेच नियम नाहीत म्हणून तो पुढे निघून जाईल, हे कोड आहे त्याला अडवता येत नाही, स्टार्टअप मरतील, काही झालंच तर तेव्हा बघू, आणि जगात हे कायदे कोणालाच नकोयत. खाली अंगठ्यांची रांग.

आधी चीन. भिया, नियम नाहीत हे सांगितलं कोणी? जनरेटिव्ह एआयच्या सेवांसाठी त्यांचे नियम १५ ऑगस्ट २०२३ पासून आहेत, युरोपचा एआय कायदा त्यानंतर वर्षभराने लागू झाला. पब्लिकसाठी चॅटबॉट काढायचा तर सरकारदरबारी नोंदणी, तपासणी, आणि सप्टेंबर २०२५ पासून एआयने बनवलेल्या फोटो-मजकुरावर लेबल. आता त्यातलं बरंचसं सरकारविरुद्ध कोणी बोलू नये म्हणून आहे, मला तसलं काही इथे नको, पण 'नियम नाहीत' ही चक्क थाप. आणि एवढे नियम असून डीपसीक हे गाजलेलं एआय तिथूनच निघालं ना?

कोड अडवता येत नाही म्हणे. छोटं एआय मॉडेल लॅपटॉपवर चालतं, खरंय. पण सगळ्यात पुढचं मॉडेल ट्रेन करायला हजारो चिप लागतात, त्या बहुतेक तैवानात बनतात, आणि त्या चिपांवर बारीक नक्षी छापणारं ईयूव्ही मशीन जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला जाणाऱ्या भारी चिपा रोखल्या त्या याच जोरावर. चोरटा माल जातो, तरी नाकं दाबायला जागा आहे.

स्टार्टअपचं रडगाणं तर सोडाच. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या २०२५ च्या एआय कायद्यातल्या जड अटी वर्षाला ५० कोटी डॉलरच्या वर कमाई असलेल्यांना आहेत. इंदूरच्या विजय नगरात दोन खोल्यांत बसलेल्या पोरांना पुढे करून वकिली कोणाची चाललीय?

'तेव्हा बघू' वर मात्र इंदूरवाल्याने तरी अंगठा देऊ नये. भोपाळला वायुगळती डिसेंबर १९८४ मध्ये झाली, पर्यावरण संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, धोकादायक कारखान्यांसाठी फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलमं घातली १९८७ मध्ये. आणि तिथला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी, कंटेनरांत भरून आपल्या शेजारी पीथमपूरला जाळायला आणला. तेव्हा याच ग्रुपांवर सगळे विचारत होते, आपल्या पाण्यात काही उतरणार तर नाही ना?

हां, सरकारं गोंधळ घालतात हे मान्य. मार्च २०२४ मध्ये आपल्या आयटी मंत्रालयाने नीट न तपासलेल्या कच्च्या एआय मॉडेलांसाठी आधी सरकारची परवानगी घ्या अशी अ‍ॅडव्हायझरी काढली, ओरड झाली, दोन आठवड्यांत ती अट गायब. पण त्यावर इलाज नियम नीट लिहिणं हा आहे, फाडणं नाही.

राहिलं 'कोणालाच नकोयत'. अमेरिकेतल्या राज्यांना दहा वर्षं एआयचे कायदे करू द्यायचे नाहीत ही तरतूद तिथल्या सिनेटने १ जुलै २०२५ ला ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली, ट्रम्पच्या पक्षासकट. डिसेंबरमध्ये ट्रम्पनी ऑर्डर काढून राज्यांना अडवायला पुन्हा सुरुवात केलीच. भांडण त्यांच्या घरातलं आहे, चालू आहे, चीनचं नाव मध्ये घेतात ते धाक दाखवायला.