त्या कोऱ्या जागेवर टेकलेले पेन

आज दुपारी मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. "मावशी, तुझ्या फर्मच्या लेटरहेडवर दीड वर्षाचे एक्सपिरियन्स लेटर देशील का? नुसती गॅप भरायची आहे." मी नाही म्हटले आणि फोन ठेवला. खोटे मागताना तिचा आवाज जराही अडखळला नाही, याचा मला संताप आला.

माझ्याही रिझ्युमेत चौदा महिन्यांची गॅप आहे. वडील अंथरुणाला खिळले होते आणि मी घरी होते. पहिल्या मुलाखतीत मी 'फ्रीलान्सिंग' असे ठोकून दिले. समोरच्या गृहस्थांनी दोन तारखांमधल्या कोऱ्या जागेवर पेनाचे टोक टेकवून शांतपणे विचारले, "कोणासाठी?" त्या निळ्या ठिपक्याकडे पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुढे खरे सांगू लागल्यावर दोन ठिकाणी नकार आला, हेही मान्य करते. तिसऱ्या ठिकाणी नोकरी लागली आणि तिथे मी आठ वर्षे कसलाही घोर न बाळगता काम केले. खोट्या पत्रावर मिळालेल्या नोकरीत ते शक्य नसते, कारण पडताळणी करणारे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख जुन्या कंपनीला थेट विचारतात आणि रुजू होऊन वर्ष लोटले तरी ते खोटे अंगाशी येऊ शकते.

पण हे लिहिता लिहिता राग त्या मुलीवरून सरकतो आहे. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर 'करिअर ब्रेक' नोंदवण्याची सोय दिली, तरी मुलाखत घेणारे आम्ही लोक त्या महिन्यांविषयी गुन्ह्याची चौकशी केल्यासारखेच विचारतो. होय, आम्ही. गेल्याच महिन्यात एका उमेदवाराच्या कागदावर तसेच पेन टेकवून मी विचारले होते, "इथे काय करत होतात?" त्याचा उतरलेला चेहरा आत्ता आठवतो आहे आणि मला माझीच लाज वाटते आहे.

संध्याकाळी मी तिला पुन्हा फोन केला. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मावशी, त्या दिवसांत मला अंथरुणातून उठवत नव्हते. हे कसे लिहू?"

ते लिहिण्याची गरजच नाही, असे मी तिला सांगितले. आजाराचे नाव स्वतःपाशी ठेवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. तारखा मात्र खऱ्या लिही आणि कोणी विचारलेच, तर प्रकृतीच्या कारणाने थांबले होते, आता कामाला तयार आहे, एवढेच सांग. उद्या सकाळी ती रिझ्युमे घेऊन माझ्याकडे येणार आहे.