गुडघा दुखतोय? आधी पावलांकडे बघा

"सवय नाही ना, म्हणून दुखतंय. करत राहा, जाईल." योगवर्गात गुडघ्याची तक्रार केली की हे उत्तर ठरलेलं. मांडीच्या मागे ताण बसत असेल तर ते खरंही आहे. पण सांध्याच्या आत कळ येत असेल, वाटीच्या बाजूला सुई टोचल्यासारखं होत असेल, तर ती सवयीने जात नाही. रोज त्याच चुकीवर भार टाकत राहिलं तर वाढते.

मुळात गुडघा वाकायला आणि सरळ व्हायला केलेला सांधा आहे. वाकलेला असताना थोडासा फिरतो, बस्स. गोल फिरण्याचं काम खुब्याचं. उभ्या आसनांत पावलं जमिनीवर रोवलेली असतात, धड वळवायचं असतं, आणि मधला खुबा वर्षानुवर्षं खुर्चीत बसून आखडलेला. तो फिरत नाही, मग सगळा पीळ येतो गुडघ्यावर. बिजागरी कुरकुरायला लागली की चांगला सुतार आधी चौकट बघतो. आपण मात्र गुडघ्याला तेल चोळत बसतो.

वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार घ्या, ज्यात हात दोन्ही बाजूंना पसरतात. पुढचा गुडघा वाकवला की तो हळूच अंगठ्याच्या बाजूला आत पडतो, पावलाची कमान बसते, आणि आपलं लक्ष हातांकडे. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत हवा आणि नडगी उभी. तो घोट्याच्या पुढे जात असेल तर पायांतलं अंतर वाढवा किंवा कमी वाका. मांडी जमिनीला समांतर आलीच पाहिजे, हा हट्ट पहिल्या दिवसापासून कशाला?

पहिल्या प्रकाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. मागची टाच जमिनीवर आणि कंबर समोर, हे आखडलेल्या खुब्याला झेपत नाही, मागचा गुडघा पिळवटतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाकडून हे आसन तसंच्या तसं करून घेऊच नये. मागची टाच उचलू द्या, हवं तर भिंतीला टेकवू द्या.

त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून बाजूला झुकायच्या आसनात, गंमत उलटी. तिथे गुडघा सरळ असतो, म्हणून सगळे निर्धास्त. पण "पाय ताठ" म्हटलं की लवचीक अंगाची माणसं गुडघा मागे ढकलून लॉक करतात आणि त्यावर वजन टाकून उभी राहतात. शिवाय हात नडगीवर दाबलेला! वर्गात अशांचंच कौतुक होतं, हे आणखी वाईट. "वाटी वर ओढा" याचा अर्थ मांडीचा पुढचा स्नायू आवळा, गुडघा मागे रेटा असा नाही. जमत नसेल तर गुडघा किंचित सैल ठेवा आणि हात विटेवर, म्हणजे आधाराच्या ठोकळ्यावर, घ्या. एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात तर एवढंच: उचललेल्या पायाचा तळवा मांडीवर किंवा पोटरीवर, गुडघ्यावर कधीच नाही.

आता विटेचं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, १९७५ पासून त्यांची संस्था इथे उभी आहे, वीट, पट्टा, दोर, खुर्ची वापरून आसन शिकवायची त्यांची पद्धत जगभर गेली. आणि त्याच पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये वीट मागितली तर "एवढ्यात?" असं विचारतात. फोटोच्या वेळी वीट मॅटमागे सरकवणारे काका-काकू मी पाहिलेत. (हसू येतं, पण वाईटही वाटतं.)

माझा खरा राग शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. २१ जूनच्या योग दिनाच्या कार्यक्रमात ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन असतंच. शिक्षक मंचावर, माणसं मैदानभर. कोणाचं पाऊल आत कललंय हे तिथून दिसणं शक्य नाही. एक दिवसाचा सोहळा म्हणून चालेल. पण रोजच्या वर्गातही शिक्षक समोर उभं राहून स्वतःच आसन करत असतील आणि रांगांतून फिरत नसतील, तर गुडघे कोण बघणार? मी तरी वर्ग निवडताना आता हेच बघते. शिक्षकांना स्वतःला किती वाकता येतं, हे नंतर.

दुसरं टोकही नको. "वंगण संपलंय" असं स्वतःच ठरवून सगळं बंद करून बसणारेही खूप. झीज असली तरी मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट झाले की बहुतेकांना चालणं, जिना सोपा जातो, आणि त्यासाठी उभी आसनं चांगलीच आहेत. उत्कटासन, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं, भिंतीला पाठ लावून करा, दुखायच्या आधी थांबा. वीरभद्रासन खुर्चीवर मांडी टेकवूनही होतं. मात्र गुडघा सुजत असेल, अडकत असेल, चालताना अचानक दगा देत असेल किंवा रात्री झोपू देत नसेल, तर योगशिक्षकांकडे नाही, आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणि वर्गात परत आलात की पहिल्याच दिवशी कोणता गुडघा, कधी आणि कुठल्या बाजूला दुखतो ते सांगा. ऐकून घ्यायला शिक्षकांना वेळ नसेल, तर वर्ग बदला.